पडल्याची नोंद

"बसलोय जरा. ऊन यायची वाट बघतोय," फानकाका म्हणाले.

ऊन कुठलं! तैवानमधल्या मिआओलीच्या त्या डोंगरावर धुकं एवढं दाट होतं, की बांधाखालची संत्र्याची झाडंही दिसत नव्हती. फानकाका पायवाटेवर चिखलात बसले होते. एक चप्पल पायात, दुसरी खाली उतारावर. ओठ निळे पडले होते.

लो सुइमोईने आपलं जाकीट काढून त्यांच्या खांद्यावर टाकलं. "केव्हापासून बसलाय?"

"तू निजली होतीस तेव्हापासून."

"थट्टा पुरे, काका. हात द्या."

सत्तावन्न वर्षांची सुइमोई गावच्या कार्यालयातर्फे रोज सकाळी हा डोंगर चढायची. वर सात म्हातारी माणसं एकेकटी राहत होती. प्रत्येकाच्या दारात जायचं, रक्तदाब बघायचा, दोन शब्द बोलायचे आणि कागदावर खुणा करायच्या. जेवले का, औषध घेतलं का, पडले का. त्र्याऐंशी वर्षांचे फानकाका या हिवाळ्यात पडले, ते पहिल्यांदाच.

तिने त्यांना धरून घरी आणलं, आल्याचं गरम पाणी पाजलं. घोटा टम्म सुजला होता. मग तिने कागद काढला.

"ते लिहू नकोस," काका म्हणाले. "पोरगा टपूनच बसलाय. तायपेईत कुठल्याशा वृद्धाश्रमात खाट बघून ठेवलीय त्याने. नववर्षापर्यंत थांब. तेवढी फळं उतरवू दे."

"आणि उद्या परत पडलात तर?"

"पडेन. माझ्याच जमिनीवर पडतो ना? कुणाच्या अंगणात तर नाही!"

सुइमोईला हसू आलं नाही. गेल्या हिवाळ्यात याच डोंगरावरच्या लिउमावशींनी तिला अशीच गळ घातली होती आणि तिने ‘पडले का’पुढे ‘नाही’वर खूण केली होती. नवव्या दिवशी मावशी न्हाणीघरात मरून पडलेल्या सापडल्या. कुणी तिला बोल लावला नाही. कागदावर सगळं ठीकच होतं. तेव्हापासून कुठलंही दार बंद दिसलं, की आतून आवाज येईपर्यंत ती ठोठावत राहायची.

तिने ‘हो’वर खूण केली.

"उद्यापासून येऊ नकोस," काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

ती जात राहिली. चार दिवस त्यांनी दार उघडलं नाही. नुसते आतून मोठ्याने खोकायचे, हयात असल्याचं तिला कळावं म्हणून.

रविवारी मुलाची गाडी आली. फानकाका इस्त्रीचा शर्ट घालून, केस पाणी लावून विंचरून बाहेर आले. मुलाने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला आणि लंगडत एकटेच गाडीपर्यंत गेले.

"काका, रागावलात ना माझ्यावर?" सुइमोईने विचारलं.

त्यांनी गाडीत बसून दार लावून घेतलं, पट्टा बांधला. गाडी सुरू झाली तेव्हा मात्र काच खाली केली.

"वरच्या छुंगम्हातारीच्या बादल्या उचलत नाहीत तिला. पहाटे मी झऱ्यावरून भरून द्यायचो. ती तुला सांगायची नाही, भारी मानी आहे. पाच दिवस झाले, काय करत असेल कोण जाणे."

गाडी वळणाआड गेली. सुइमोई झपाझप वर चढली. छुंगम्हातारी मागच्या अंगणात उभी होती, हातात वाटीभर पाणी. दाराशी दोन रिकाम्या बादल्या होत्या. त्या घेऊन सुइमोई झऱ्याकडे निघाली. उतार निसरडा होता. पण थेट पाण्यापर्यंत, म्हाताऱ्या पावलांना जमतील अशा, लहान लहान पायऱ्या खणलेल्या होत्या.