हंड्याचं इंजिन

समितीचं नंतर सांगते, आधी माझ्या हंड्याचं सांगते. लोक नेमकं उलटं करतात. चिमाने, म्हणजे मी, भर सभेत तमाशा केला, पाहुण्यांसमोर गावाची अब्रू घालवली, असं आमच्या पावस गावच्या बाजारात अजून बोलतात. हंड्याचं कोणी बोलत नाही. हंडा त्यांच्या आईचा नव्हता ना.

माझ्या आईचा होता. लग्नात मुरुडहून माझ्याबरोबर आला. तांब्याचा, ठोकून घडवलेला, चांगला जाडजूड. सासरी आल्यापासून मी त्यातच पाणी भरलं. रोज चिंच लावून घासायचे तेव्हा आईची आठवण यायची, कारण तीही तो तसाच घासायची. सोनंनाणं आमच्याकडे कधी नव्हतंच. आईचं म्हणून माझ्याजवळ जे काय होतं ते एवढंच.

आणि आमचे हे. नाव घेत नाही, आमच्यात नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, उखाण्यात घेते तेवढंच. जन्मभर मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात, बॉयलरच्या खात्यात. शिमग्याला आणि गणपतीला घरी, बाकी वर्षभर माझ्या वाट्याला शेत, सासू आणि विहीर. घरी आले तरी तोंडी इंजिनंच. ज्या बाईने आगगाडी डोळ्यांनी पाहिलेली नाही तिला रोज इंजिनाच्या पोटात काय काय असतं ते ऐकावं लागायचं. पाहणार कुठून? आमच्या रत्नागिरीत तेव्हा रूळच नव्हते.

रिटायर झाले तेव्हा वाटलं, चला, माणूस घरी आला. तर माणसामागोमाग रेल्वेही घरात आली. वाफेची इंजिनं आता भंगारात काढतायत, तोडून विकतायत, हे ते सांगायचे तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा व्हायचा. म्हणून एक छोटं इंजिन स्वतः करायचं ठरवलं. खेळणं नाही. हातभर लांबीचं, पण पोटात खरी आग, खरं पाणी, आणि चालायचं ते वाफेवर. पडवीत लोखंड पकडायचा व्हाइस बसला, कानशी आल्या. चाकं आणि सिलिंडर मिरकरवाड्यात, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या शिवाच्या लेथवर झाले. खळ्यात लोखंडी पट्ट्यांचे रूळ गोल टाकले. भात कुठे झोडायचं, हे मला कोणी विचारलं नाही.

बॉयलर काही जमेना. बाजारातून आणलेला पत्रा पातळ निघाला. पंपाने आत पाणी दाबून बघितलं तर सांध्यात फाटला. तेवढ्यात मी भाचीच्या लग्नाला मुरुडला गेले.

परत आले तर पडवीत हंड्याचा गळा पडलेला. नुसता गळा. पोट कापून, तापवून, सरळ करून त्याची नळी वळवलेली, आणि हे चांदीचा झाळ देऊन सांधा भरत बसलेले. वर मान करून मला म्हणाले, असलं तांबं आता मिळत नाही. जणू माझ्या आईचं कौतुकच करत होते. विचारलं का नाही, म्हटलं, तर म्हणाले, तू नाही म्हणाली असतीस.

बरोबर आहे. म्हणाले असते. नाही म्हणायचा हक्क होता म्हणूनच विचारायचं असतं, एवढी अक्कल रेल्वेने शिकवली नाही. मी भांडले नाही. जेवण वाढलं, बोलणं बंद केलं. गळा उचलून माजघरात खुंटीला टांगला, येता जाता त्यांना दिसेल असा. आणि विहिरीवर निळी प्लास्टिकची कळशी घेऊन जायला लागले. बायका विचारायच्या, हंडा कुठे गेला गो? मी सांगायचे, मुंबईला नोकरीला लागला.

बॉयलर पाण्याच्या दाबाला टिकला. पण आग धरेना. बाजारचा लाकडी कोळसा नुसताच धुमसायचा, वाफ होईपर्यंत विझायचा. चार दिवस ती धडपड बघून माझाच जीव कावला. माझा हंडा कापला तो काय धूर काढायला? करवंट्या जाळून त्याचा कोळसा केला, डबाभर, आणि न बोलता त्यांच्यापुढे आदळला. करवंटीच्या कोळशाचा जाळ काय असतो ते चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला ठाऊक. वाफेच्या दाबाचा काटा चढला, त्यांनी कळ ओढली, आणि इंजिन फुस् फुस् करत निघालं. खळ्याला वळसा घालून माझ्या पायाशी आलं. आईचा हंडा स्वतःच्या पायांनी चालत आला, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, रडायला आलं. त्या दिवसापासून बोलणं सुरू केलं. माफ केलं नाही, बोलणं सुरू केलं.

आता समिती. कोकणात रेल्वे यावी म्हणून तेव्हा जिकडे तिकडे सभा व्हायच्या. आमच्याकडचा बाबल्या, टेंपोवाला, अशाच एका समितीचा चिटणीस झाला होता. मुंबईहून कोणी मोठे पुढारी रत्नागिरीला येणार, हॉलमध्ये सभा, त्यात आपल्या माणसाने केलेलं इंजिन स्टेजवर चालवून दाखवायचं, असं त्याच्या डोक्यात आलं. ह्यांना म्हणाला, भाऊ, तुम्ही स्वतः चालवायचं. ह्यांना आभाळ ठेंगणं झालं. मी चिंच भिजत घातली आणि इंजिन घासलं. तांबं तेच, हातही तेच.

सभेला आम्ही सकाळीच टेंपोतून गेलो. स्टेजवर टेबलं जोडून रूळ टाकले. हे कोळसा भरायला बसले तर बाबल्या धावत आला. साहेबांचे कपडे पांढरे, धूर नको. हॉलवाले आग पेटवू देत नाहीत. बॉयलर फुटलाबिटला तर जबाबदारी कोणाची? मग उपाय त्यानेच सांगितला. पुढे काळी दोरी बांधायची, पडद्याआडून एकाने ओढायची. साहेब हिरवा झेंडा दाखवतील, इंजिन चालेल, लोक टाळ्या वाजवतील. आणि धुराड्यात दोन अगरबत्त्या खोचायच्या, म्हणजे धूरही दिसेल आणि वासही चांगला येईल.

मला वाटलं आता हे चिडतील. पण हे म्हणाले, बरं. जन्मभर साहेबाला बरं म्हणायची सवय. बायकोचा हंडा कापताना विचारायचं नाही, आणि बाबल्याने दोरी बांधली तर बरं. असा संताप आला मला, दोघांचाही. पण मी बायकांच्या बाजूला जाऊन बसले.

साहेब आले. हार, तुरे, भाषणं. नारळ वाढवायला घेतला तो थेट इंजिनावरच आपटायला निघाले. ह्यांनी घाईने पुढे होऊन खाली दगड सरकवला म्हणून निभावलं. बाबल्या माइकवर सांगायला लागला की समितीने अथक परिश्रम घेऊन हे इंजिन तयार करून घेतलं आहे. कोणाकडून, ते नाही. हे स्टेजच्या कोपऱ्यात हात बांधून उभे. झेंडा हलला. दोरीला हिसका बसला, इंजिन दोन वीत गेलं आणि रुळावरून घसरून कलंडलं. अगरबत्तीची राख टेबलावर. साहेब हसले, म्हणाले, यायच्या आधीच घसरली म्हणायची गाडी. मग सगळा हॉल हसला. हेही हसले, कसंनुसं. ते हसू माझ्याच्याने बघवलं नाही.

मी कधी उठले आणि स्टेजवर कधी चढले ते मला खरंच आठवत नाही. अगरबत्त्या उपटून बाबल्याच्या हातात दिल्या. दोरी दातांनी तोडली. बाबल्या हळूच म्हणत होता, चिमावहिनी, खाली चला. माइक समोरच होता, पण मला माइक लागत नाही.

"हे इंजान समितीनं नाय केलेलं," मी म्हटलं. "गंगाराम भिवा पाष्ट्यांनी केलंय. त्याच्या पोटात माज्या आयशीचा हंडा हाय. ता दोरीनं चालत नाय, आगीनं चालतं. आग बगायची नसंल त्यानं हसू पन नये."

आमच्या वाडीच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. पुढाऱ्याला सुनावलं म्हणून नव्हे, नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून. हे माझ्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडून स्वतःचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा ऐकलं असेल.

मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, चुंबळ केली, इंजिन उचलून डोक्यावर घेतलं आणि निघाले. जड होतं, पण भरल्या हंड्याएवढं नव्हतं. बाबल्याच्या टेंपोला हात लावला नाही. स्टँडवरून पावसची एसटी धरली, इंजिन मांडीवर. हे शेजारी बसले. वाटभर खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, रागावले. रागवू देत, म्हटलं, मीही अजून रागावलेलीच आहे.

घरी आल्यावर त्यांनी इंजिन खळ्यात रुळावर ठेवलं. चाकं फिरवून बघितली, एका दांड्याला आलेला बाक सरळ केला. मी करवंटीचा कोळसा आणि चुलीवरची फुंकणी घेऊन समोर बसले. शेजारपाजारच्या बायका कुंपणापाशी जमल्या. त्यांना इंजिन बघायचं नव्हतं, नाव घेणारी बाई बघायची होती.

हे नेहमीसारखे म्हणाले, "वाईच पानी आन गो."

"कशात आनू?" मी म्हटलं. "माजा हंडा तर तुमच्या इंजानात हाय."

त्यांनी दारातून माजघरात टांगलेल्या गळ्याकडे बघितलं. मग उठले, निळी कळशी उचलली आणि विहिरीकडे चालू लागले. आमच्या वाडीत बाप्या माणूस घरचं पाणी भरत नाही. कुंपणापाशी कुजबुज झाली, कोणीतरी हसलंही. ह्यांनी मान खाली घातली नाही. कळशी भरून, खांद्यावर घेऊन, सगळ्यांच्या देखत परत आले. शर्ट भिजला होता, कारण सवय नाही.

मी फुंकणी तोंडाला लावली.