बाबांनी दार दुरुस्त केलं

आमच्या स्वयंपाकघराचं दार मला कळायला लागल्यापासून कुरकुरत होतं. बाबा सुतार. दुसऱ्यांच्या घरी त्यांनी अशी दारं बसवलीत की उघडली काय नि मिटली काय, शेजारच्या खोलीत पत्ता लागत नाही. घरच्या दाराकडे मात्र बघायला त्यांना कधी सवड झाली नाही.

"दिव्याखाली अंधार," आई म्हणायची.

"अगं, गिऱ्हाइकाचं आधी," बाबा म्हणायचे.

हे बोलणं इतकं जुनं होतं की एक जण घरात नसला तर दुसरा दोघांचीही वाक्यं एकटाच म्हणून टाकायचा.

अशा घरात मालकीणबाई आल्या. म्हणजे माझी लेक. हे नाव बाबांनीच पाडलं, कारण ती आल्यापासून तिच्या हुकुमाशिवाय इथे पान हलत नाही. तिचे बाबा कामासाठी सदा फिरतीवर, म्हणून आम्ही मायलेकी सध्या आईबाबांकडेच तळ ठोकून आहोत.

मी दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते. डॉक्टरबाईंनी माझी पुष्कळ वाट पाहिली आणि मग एकदा अगदी गोड आवाजात सांगितलं, "सोमवारी ये गं. नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." मला जायचं होतं. हे काम मला आवडतं. शिवाय प्लॅस्टरमध्ये हात घालून घटकाभर कुणाचीच आई नसणं, यातही सुख आहे. बाळंतीण झालेल्या बाईला ते वेगळं सांगायला नको.

सगळं अडलं होतं ते दुपारच्या झोपेवर. मालकीणबाई दुपारी झोपल्या तर दिवेलागणीपर्यंत प्रसन्न. नाही झोपल्या तर घराचं रणांगण. पण आईजवळ त्या बिनबोभाट झोपायच्या. मधल्या खोलीत पाळणा, आई स्वयंपाकघरातून आत-बाहेर करत आवराआवर करायची, आणि ही बघता बघता डोळे मिटायची.

"माझ्या हाताला गुण आहे," आई म्हणायची.

"हाताला? हात तर खरकट्यात होता तुझा," बाबा म्हणायचे.

शुक्रवारी आम्ही तिघी लस टोचायला गेलो होतो. परत आलो तर बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी कमरेवर हात ठेवून उभे. केसांत भुसा.

"बघा," ते म्हणाले, आणि दार उघडलं.

काही नाही. आवाजच नाही. पितळेच्या नव्याकोऱ्या बिजागऱ्या, खालून रंधा मारलेला, वर तेलाचं बोट फिरवलेलं.

"म्हटलं, ही सोमवारपासून जाणार. पोर जरा झोपलं की या दारानं उठायला नको."

आईनं दार उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या जिवंतपणी झालं गं बाई!" आणि न मागता बाबांना चहा मिळाला.

शनिवारी मालकीणबाई झोपल्या नाहीत.

आईनं गाणी म्हटली. मी थोपटलं. खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, उताणं, पालथं, सगळं झालं. "दात येत असतील," आई म्हणाली. रविवारी दुपारीही तेच. तिचा रडून टोमॅटो झाला होता आणि आईचा हात थोपटून थोपटून दुखायला लागला होता. जी आजीजवळ झोपत नाही तिला आजीच्या गळ्यात टाकून मी कशी जाणार? मी फोन हातात घेतला. डॉक्टरबाईंना काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले. डोळे उगाच भरून आले.

तेवढ्यात बाबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मालकीणबाई रडायच्या थांबल्या. मान उंच करून दाराकडे बघायला लागल्या. बाबा बाहेर आले. पुन्हा तसंच. वाट बघितली आणि मग जोरात भोकाड.

"ही दाराकडे काय बघते गं?" बाबा म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा माप चुकल्यावर होतो तसा झाला.

त्यांनी दार हळूच लोटलं आणि तोंडानं म्हणाले, "कुईंऽऽ... क."

मालकीणबाईंचा अंगठा तोंडात गेला.

"कुईंऽऽ... क."

पापण्या जड झाल्या. आई पदर तोंडात कोंबून खालीच बसली. बाबा थांबले की डोळे टक्क उघडायचे, म्हणून त्यांना थांबता येईना.

"फोन ठेव तो," ते मला म्हणाले. "कुईंऽऽ... क."

"पण बाबा, उद्या दिवसभर तुम्ही असे—"

"ठेव म्हणतो ना!"

मग बाबांच्या सुतारकामाच्या दुकानातला भंगाराचा डबा घरात आला. जुन्या बिजागऱ्या शोधून बाबा त्या परत बसवायला लागले. "माझ्या उस्तादांनी हे पाहिलं असतं ना," ते पुटपुटले, "तर हातोडा फेकून मारला असता."

दार वाजलं, पण आई म्हणाली, "हे नव्हे हो. हे चरचरतंय. आधीचं कसं, वर चढायचं आणि मग मोडायचं."

बाबा स्क्रू पिळता पिळता थांबले. "इतकी वर्षं कटकट करत होतीस आणि पाठ करून ठेवलंस?"

"नीट ऐकल्याशिवाय कटकट करता येत नाही," आई म्हणाली. "वरचा जरा ढिला करा. जरा. अजून. हांऽ! हेच!"

मालकीणबाई माझ्या खांद्यावर कधीच झोपल्या होत्या. बाबांनी पितळेच्या बिजागऱ्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. "शाळेत जायला लागली की बसवू," ते कुजबुजले. मी त्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभी राहिले. मी त्यांच्या केसांतला भुसा झटकला.

सोमवारी दुपारी माझे हात कोपरापर्यंत प्लॅस्टरनं बरबटलेले असताना घरून फोन आला. डॉक्टरबाईंनीच तो माझ्या कानाला धरला. पलीकडे कुणी हॅलो म्हणेना. नुसता आवाज. वर चढला, मोडला. पुन्हा वर चढला, मोडला.

मग आई अगदी हळू बोलली. "झोपली. आणि ऐक, हे आज दुकानात गेलेच नाहीत. म्हणतात, काम ताजं आहे, दारावर लक्ष ठेवायला हवं."

"कसला गं तो आवाज?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "दार का? तेल घाला की त्याला!"

"नको हो," मी म्हटलं. "फार मेहनतीनं बिघडवलंय. माझे बाबा सुतार आहेत."