विहिरीतली कोरी पत्रे

बिबवेवाडीत त्या रविवारी सरुबाईच्या विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. मोटेच्या धावेवर बायका, बांधावर पुरुष, चिंचेच्या फांद्यांवर पोरे. इतकी माणसे असूनही आवाज म्हणून नव्हता. विहिरीच्या काठावर बसलेल्या अक्षरमहाराजांनी पिवळा पडलेला एक कोरा कागद दोन्ही हातांनी वर धरला होता.

"नीट बघा. कोरा आहे ना? तुम्हाला कोरा! पापी डोळ्यांना कोरा! दोनशे वर्षांपूर्वी स्वामींनी इथं समाधी घेतली. त्याआधी ही पत्रं लिहून विहिरीच्या देवळीत ठेवली. शाई अशी, की कलियुगात दिसू नये. मग दिसेल कशी? तीर्थानं. तीर्थ कुणाचं? स्वामींचं. स्वामी कुणाचे?"

"समद्यांचे," गर्दी पुटपुटली.

महाराजांनी पंचपात्रीत बोटे बुडवून कागदावर तीर्थ शिंपडले. क्षणभर काही झाले नाही. मग एक काळी रेघ उमटली आणि रेघेखाली मोडी अक्षरे एकामागून एक वर येऊ लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले. महाराज खर्जात वाचू लागले:

"शके सोळाशे त्र्याऐंशी. सरूचा धनी जाईल, ती पहिली खूण. विहिरीभोवतीचे दहा गुंठे माझ्या समाधीचे. येत्या अवसेपर्यंत माझे मला न मिळाल्यास सरूची लेक पाण्यात जाईल."

"दोनशे वर्सांमागं सरूचं नाव!" कुणीतरी म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना एकदम एका बाजूला वळल्या.

त्या बाजूला, नुकताच धनी गेलेली सरुबाई उभी होती. तिच्या पदराला धरून तिची मुलगी प्रेमला. आजूबाजूला एवढी दाटी, पण या दोघींच्या भोवती दोन हात मोकळी जागा होती. तेवढ्या जागेत कुणी पाऊल टाकत नव्हते.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या वासंतीबाईंना महाराजांच्या कागदापेक्षा त्या मोकळ्या जागेची जास्त भीती वाटली. सदाशिव पेठेतल्या मुलींच्या शाळेत त्या इतिहास शिकवत. नववीतली प्रेमला आठ दिवस शाळेत आली नाही, म्हणून चौकशीला स्वारगेटपासून चालत आल्या होत्या. पानशेतच्या पुराला तेव्हा दोन वर्षे झाली होती. शहर हळूहळू या शेतांकडे सरकत होते आणि परवापर्यंत ज्या वावरांकडे कुणी बघत नव्हते, तिथे आता धोतरवाले पाहुणे येऊन पावलांनी जमीन मोजून जात होते.

त्या पुढे झाल्या. "महाराज, हा मजकूर मी उतरवून घेऊ का?"

"घ्या की, बाई! शहरातल्यांना पाठांतराची सवय, दर्शनाची नाही."

"आम्ही दर्शन सावकाश घेतो," बाई म्हणाल्या आणि वहीत अक्षरन् अक्षर उतरवून घेतले.

सरुबाईने त्यांना घरात नेले. म्हैस आटली होती, म्हणून कोरा चहा केला. "तीसुदा खूणच म्हनत्यात. दळायला गेले तर जात्यावरच्या बाया उठून जात्यात. परवा सकाळी राहाटाचा दोर कापल्याला दिसला. दीर रोज येऊन सांगत्यात, वैनी, अंगठा दे, पोरगी जगंल." दीर म्हणजे हिंदुराव. महाराजांना गावात आणणाराही तोच, आणि समाधीच्या नव्या मंडळाचा प्रमुखही तोच.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कळत न्हाई, बाई. पन भ्या वाटतं." असे म्हणून तिने फळीवरची वाटी काढली. महाराजांनी रक्षणासाठी तीर्थ दिले होते. तिने प्रेमलाच्या चहात चमचाभर तीर्थ घातले. तांबूस चहा बघता बघता काळा झाला. दौतीतल्या शाईसारखा.

सरुबाईच्या हातून चमचा पडला. "बगा! बगा, बाई! पोरीच्या वाट्याचं पानी काळं झालं!"

वासंतीबाईंनी प्रेमलाच्या हातातला पेला काढून घेतला. "हे पिऊ नकोस. आणि उद्यापासून शाळेत यायचं. सकाळी आई स्वारगेटपर्यंत सोडील, संध्याकाळी मी." निघताना तीर्थाची वाटी त्यांनी बाटलीत ओतून घेतली.

परतताना त्यांना एकच विचार छळत होता. भाकीत खरे करायला देव लागत नाही, दोन हात पुरतात.

नारायण पेठेत त्यांचे वडील, गोपाळकृष्णपंत, आरामखुर्चीत वाट बघत होते. त्यांचा उभा जन्म दप्तरखान्यात जुन्या मोडी कागदांच्या नकला करण्यात गेला होता. मुलीने चहाची गोष्ट सांगितली तशी ते गालातल्या गालात हसले.

"तुझ्या महाराजांनी आमची शाईच दोन भांड्यांत वेगळी केली की गं! हिरड्याचा काढा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार. एकत्र केले की काळी शाई. नुसत्या काढ्यानं पिवळट कागदावर लिही, वाळला की दिसायचा नाही. वर हिराकसाचं पाणी पडलं, की हजर! चहाचा तुरटपणा हिरड्याच्याच जातीचा, म्हणून तोही काळा पडला."

"पण तात्या, एवढ्यानं कागद खोटा ठरतो? खरोखरच कुणी दोनशे वर्षांपूर्वी काढ्यानं लिहिला असेल तर?"

"मग मला काय विचारतेस? वर्गातल्या मुलींना छळतेस ना रोज, त्यांना विचार."

सोमवारी वासंतीबाईंनी तो मजकूर फळ्यावर बाळबोधीत लिहिला. सरूच्या नावाच्या जागी नुसती रेघ ओढली. "हा कागद शके सोळाशे त्र्याऐंशीचा असल्याचं सांगतात. तुमचं काय म्हणणं? आणि कशावरून? आणि त्यावरून तसंच का?" हे तीन प्रश्न त्या रोज विचारत. मुलींनी त्यांचे नाव 'कशावरून-बाई' ठेवले होते आणि ते त्यांना ठाऊक होते.

श्यामला तडक उठली. "बाई, हे शुद्ध थोतांड आहे."

"हे तुझं म्हणणं झालं. कशावरून?"

"वाचूनच कळतं!"

"श्यामले, तुला बघून तू अभ्यास करतेस असंही कळतं. तुझं प्रगतिपुस्तक तसं म्हणत नाही."

वर्ग हसला. दुसरी म्हणाली, भविष्य कुणालाच कळत नाही. बाई म्हणाल्या, तो तुमचा विश्वास झाला, ज्याचा उलटा विश्वास आहे त्याला काय दाखवाल? कागदात काय आहे ते बघा. शेवटच्या बाकावरून हळूच आवाज आला.

"बाई, त्यात गुंठे हायेत." प्रेमला उभी राहिली होती. "तुम्ही पेशवाईतल्या जमिनीचे कागद दाखवले, त्यांत बिघे आणि चावर होते. गुंठे कुठंच नव्हते. गुंठा इंग्रजांच्या मोजणीतला, असं तुम्हीच उतरवून दिलं होतं."

बाईंच्या हातातला खडू थांबला. गुंठे त्यांनी स्वतः दोनदा लिहिले होते आणि त्यांच्या ध्यानात आले नव्हते. गुंठा रोजच्या बोलण्यातला, आजोबा-पणजोबांच्या तोंडचा. लिहिणाऱ्यालाही तो सनातन वाटला होता.

"लिहून आण," त्या म्हणाल्या.

प्रेमलाने लिहिले: 'हा कागद दोनशे वर्षांपूर्वीचा नाही, कारण त्यात गुंठ्यांचे माप आहे. आपल्याकडच्या त्या काळच्या कागदांत बिघे व चावर आढळतात; गुंठे इंग्रजांच्या मोजणीनंतर आले. म्हणून महाराज लबाड आहेत आणि काकांनी हे मुद्दाम केले.'

बाईंनी शेवटचे वाक्य खोडले. मुलीचे डोळे भरून आले.

"प्रेमला, तुझा संशय रास्त असेल. पण कागद एवढंच सांगतो, की तो तेवढा जुना नाही. कुणी लिहिला, ते तो सांगत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा शोधावा लागेल. आज तू एक पाऊल जास्त टाकलंस, तर उद्या गाव तुझं खरं असलेलंही ऐकणार नाही."

अवस रविवारीच आली. वासंतीबाई, श्यामला आणि आणखी चार मुली विहिरीवर पोचल्या तेव्हा गर्दी दुप्पट झाली होती. दहा गुंठे मंडळाच्या नावे करायचा कागद आणि शाईचे पॅड घेऊन हिंदुराव उभा होता. सरुबाईने मान हलवली. "अंगठा देनार न्हाई."

गर्दीतून गुरगुर उठली. महाराज डोळे मिटून म्हणाले, "स्वामींची इच्छा. आता आमचा इलाज नाही. सूर्य मावळायचा अवकाश आहे."

"मला बोलायचंय," प्रेमला म्हणाली आणि तिने वहीतले वाचून दाखवले. आवाज कापत होता, पण अडखळली नाही.

"पोरीनं शिकवू नये म्होट्यास्नी!" हिंदुराव ओरडला.

"थांब रं." काठी टेकत आप्पासाहेब पुढे आले. गावचे जुने पाटील, गाव त्यांचा शब्द मोडत नसे. "पोरगी खरं बोलती. माजा आजा सांगायचा, सायबाची मोजनीची साखळी आली, तवापासनं गुंठं आलं. त्याच्या आदी बिघं."

महाराज हसले. "स्वामी त्रिकालज्ञ! ज्यांना सरूचं नाव ठाऊक, त्यांना गुंठे ठाऊक नसतील?"

गर्दीने माना डोलावल्या. वासंतीबाईंना हेच अपेक्षित होते. त्यांनी पर्समधून एक कोरा कागद काढला. "मग आमच्याही कागदावर तीर्थ घाला."

"अश्रद्धेच्या कागदावर स्वामी उमटत नाहीत."

"मग नुकसान काय? कोराच राहील."

महाराजांचा हात पंचपात्रीवर घट्ट झाला. आप्पासाहेबांनी ती काढून घेतली आणि तीर्थ कागदावर ओतले. अक्षरे काळीभोर वर आली. या वेळी बाळबोधीत होती, ज्याला वाचता येत होते त्याने मोठ्याने वाचली: 'हे पत्र नववीच्या प्रेमलाने परवा हिरड्याच्या काढ्याने लिहिले.'

कुणी हसले नाही. बाईंनी हिरडा दाखवला, हिराकसाचे हिरवट खडे दाखवले, कोऱ्या चहाच्या पेल्यात तीर्थ घालून दाखवले. पेला हातोहात गर्दीतून फिरला.

"त्या झोळीत काय हाय?" आप्पासाहेबांनी विचारले. महाराज उठू लागले तसे दोघांनी त्यांना खाली बसवले. झोळीतून आणखी दोन पिवळे कोरे कागद निघाले. आप्पासाहेबांनी उरलेले तीर्थ दोन्हींवर शिंपडले. त्यांना मोडी येत होती. पहिला कागद त्यांनी सरळ वाचला: "सरूने माझी जागा मला दिली. लेक वाचली."

दुसरा वाचताना ते मध्येच थांबले. मग हळू आवाजात पुन्हा पहिल्यापासून वाचला: "सरूने शब्द मानला नाही. लेक विहिरीने घेतली."

दोन्ही कागद आधीच लिहून तयार होते. कोणता काढायचा, एवढेच ठरायचे होते.

हिंदुरावाच्या हातातले पॅड मातीत पडले. "हे मला म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. "आईच्यान् म्हाईत न्हवतं." पत्रे महाराजांच्या झोळीतली, एवढे सिद्ध झाले होते. पुढचे पोलिसांनी शोधायचे होते. आप्पासाहेबांनी चौकीवर माणूस धाडला.

प्रेमलाने तो दुसरा कागद मागून घेतला. तिला मोडी वाचता येत नव्हती, पण ती त्या ओल्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली. मग गर्दीकडे वळली.

"हा कागद खोटा आहे," ती म्हणाली. "पुरावा मी."

सरुबाईभोवतीची ती दोन हातांची मोकळी जागा तेव्हा कुठे भरली. आधी एक म्हातारी आली, मग जात्यावरून उठून गेलेल्या बाया आल्या. त्यांच्यातल्या कुणाच्याही मनात त्या पोरीचे वाईट नव्हते. पण संध्याकाळी ती विहिरीत सापडली असती, तर त्याच बायांनी विहिरीला हळदकुंकू वाहिले असते, आणि तिला कुणी ढकलले हे विचारायचे कुणाला सुचलेही नसते. चमत्काराची खरी करणी अक्षरे उमटवण्यात नसते, प्रश्न पुसून टाकण्यात असते. म्हणून समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो, भोवती कितीही गर्दी असो, आणि आपला आवाज कितीही कापत असो, विचारावे. सूर्य मावळायच्या आत विचारावे.