राजाक सोडून

दत्ताराम गावकराने जे पाहिले होते, ते सांगू शकेल असा दुसरा कोणी नव्हता. देवबागच्या किनाऱ्यावर तो जाळे सांधत बसला असता खाडीच्या मुखाशी एक स्पीडबोट गावातल्या चंदनच्या होडीवर चढली. बोटीचे स्टिअरिंग खुद्द जुन्या संस्थानच्या महाराजांच्या हातात होते. चंदन वाचला नाही. बोट नोकर चालवीत होता असे महाराजांनी पोलिसांना सांगितले, आणि नोकराने ते मान्य केले. उद्या मालवणच्या न्यायालयात दत्तारामची साक्ष होती. आज गावची जत्रा होती.

चंदनची आई सुगंधा हिच्या वकील ॲश्लिन सकाळीच त्याच्या घरी येऊन गेल्या. संस्थान महाराजांच्या आजोबांच्या काळात विलीन झाले, एकाहत्तर सालच्या घटनादुरुस्तीने उरलेसुरले राजेपणही संपले, आता त्यांच्यावर खटला चालवण्यास कोणाची अनुमती लागत नाही, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. दत्तारामने सर्व ऐकून घेतले. त्याची अडचण निराळी होती.

जत्रेत देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा, म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने मागणे मागण्याचा, मान त्याच्या घराण्याचा. त्या गाऱ्हाण्यात एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते: राजाक सोडून जो कोण चुकलो आसात, त्येका तुझ्या न्यायाखाली घे. त्यावर जमलेल्यांनी देवाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. जो 'व्हय' म्हणतो तो स्वतःही त्या न्यायाखाली येतो. म्हणून राजा आलाच तर गाभाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत, देवाच्या बाजूला उभा राहतो आणि तोंड उघडत नाही.

"कायदो माका समाजलो, वकीलबाय," दत्ताराम म्हणाला होता. "पण आज ह्या तोंडान देवाक सांगतलंय, राजाक सोडून. फाल्या त्याच तोंडान कोर्टात राजाचा नाव घेव? मग मी खोटो खंय, देवळात की कोर्टात?"

ते शब्द गाळा, असे ॲश्लिन यांनी सुचवले. वाडवडिलांचे शब्द गाळणारा मी कोण, असे त्याने विचारले.

एरवी जत्रेला महाराजांचा नारळ नोकराहाती येई. आज ते स्वतः देवळात आले, आणि उंबऱ्याच्या आत उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, "दत्ताराम, गाऱ्हाणं पूर्ण घाला. पूर्वजांचे शब्द आहेत. एकही गळता कामा नये."

दत्तारामने नारळ हातात घेतला. उंबऱ्याबाहेर त्याच्याभोवती माणसांची दाटी होती. पुढेच सुगंधा उभी होती. ॲश्लिन बाहेर पायऱ्यांपाशी थांबल्या होत्या. तो ठरलेल्या चालीने बोलत गेला आणि प्रत्येक वाक्याला गाव 'व्हय' देत गेला. मग ते वाक्य आले. ते त्याने पूर्ण म्हटले.

उत्तर आले नाही.

सुगंधाने ओठ मिटले होते. तिच्या शेजारणीने तिच्याकडे पाहिले आणि तीही गप्प राहिली. मग मागची रांग, मग तिच्यामागची. 'व्हय' मिळाल्याखेरीज गाऱ्हाणे पुढे सरकत नाही, आणि गाऱ्हाणे संपल्याखेरीज पालखी उठत नाही. दत्तारामने तेच वाक्य पुन्हा म्हटले. ढोलकऱ्यांनी हात आवरून धरले होते. महाराजांनी बाहेर पायऱ्यांकडे पाहिले, वकीलबाईंना पाहिले, कपाळ पुसले. सारा गाव आपल्याविरुद्ध गप्प उभा आहे, हे तिऱ्हाइताच्या देखत त्यांना सोसवले नसावे.

"व्हय म्हाराजा," ते स्वतःच मोठ्याने म्हणाले.

मागून म्हातारा धोंडू शांतपणे बोलला, "बरा झाला. आमच्यात एक मानूस वाढलो."

दत्तारामने मान वळवली. "म्हाराज, उंबऱ्याभायर येवा. व्हय म्हणता तो हयसर उभो ऱ्हवता."

विधी अडू नये एवढ्याचसाठी आपण बोललो, असे महाराज सांगू लागले.

"देवान ऐकल्यान," दत्ताराम म्हणाला.

महाराज जागचे हलले नाहीत. दत्ताराम देवाकडे वळला. शब्द तो गाळत नव्हता. ते ज्याच्यासाठी राखले होते, तो राजाच आता उरला नव्हता.

"जो कोण चुकलो आसात, त्येका तुझ्या न्यायाखाली घे."

"व्हय म्हाराजा," सारा गाव म्हणाला. सुगंधाचा आवाज त्यात सर्वांआधी होता.

नारळ फुटला, ढोल वाजू लागले, पालखी उठली. त्या गर्दीतून वाट काढीत दत्ताराम पायऱ्यांपाशी आला.

"फाल्या किती वाजता येव, वकीलबाय?"