फळ्यामागची भट्टी

मित्रांनो, तुमच्या कॉम्प्युटरच्या वर्गात जिथे फळा टांगलाय ना, तिथे भिंत नाही, नुसतं प्लायवूड आहे. त्याच्यामागे मी आहे. पाव भाजायची एक जुनी भट्टी. माझं तोंड बंद केलंय, पण ऐकू सगळं येतं.

माझा जन्म याच कॉलेजातला. तेव्हा दिवसभर राबून आलेली मोठी माणसं संध्याकाळी इथे हुन्नर शिकायला येत. गवंडीकामाच्या पहिल्या तुकडीला परीक्षेसाठी काहीतरी बांधायचं होतं. "भिंत बांधायची आणि पाडायची, त्यापेक्षा उपयोगाचं काही बांधा," असं त्यांचे मास्तर म्हणाले आणि मी उभी राहिले. विटा जरा वाकड्या बसल्या, पण पोट चांगलं ऐसपैस झालं. मग माझ्या जिवावर बेकरीचा वर्ग निघाला. शेजारी शिवण, पलीकडे सुतारकाम. पाव भाजायला लागले की सुतारांचे रंधे थांबत!

त्या वर्गात एक सून होती. सासूबाईंना तिनं पुरुषांच्या बरोबरीनं पीठ मळणं खपलं नसतं, म्हणून घरी ती शिवणाचं नाव सांगून येई. दाखवायला मैत्रिणीकडून शिवलेले तुकडे उसने नेई. एकदा मी थंड होते आणि ती आत शिरून मला झाडत होती. तेवढ्यात दारात सासूबाई!

"शिवणाच्या वर्गात सून दिसली नाही. इथे आहे का?"

कुणीतरी घाईनं माझं लोखंडी दार लोटलं. सून आत अडकली. मास्तरांना खोटं बोलता येईना, म्हणून त्यांनी कालचा पाव पुढे केला. सासूबाई बसल्या, खाल्ला.

"झकास आहे हो. कुणी केला?"

तोच आतून सुनेनं स्वतःच दार ढकललं.

"मी केलाय, आई."

काजळीनं माखलेल्या सुनेकडे सासूबाई बघतच राहिल्या. "तोंड धू आधी," त्या म्हणाल्या, "आणि घरी चल."

त्यानंतर ती कितीतरी दिवस आली नाही. मी रोज पेटत होते, पण जीव तिच्यात अडकला होता. मला जागचं हलता येत नव्हतं आणि तिला घरातून.

मग एका संध्याकाळी दोघी आल्या. सासूबाई मास्तरांना म्हणाल्या, "घरातलं सगळं करते, पण बोलत नाही. चार भिंतींशी किती बोलू मी? शिकवा हिला. पण मला फसवलं ते मी विसरायची नाही." आणि त्या विसरल्या नाहीतच.

पुढे ती इथेच शिकवायला लागली. सगळे तिला बाई म्हणत. तिच्या हाताखाली शिकलेल्यांनी गावभर बेकऱ्या काढल्या. मात्र हळूहळू सुतारकाम बंद पडलं, शिवणयंत्रं विकली गेली. माझी जागा कॉम्प्युटरला हवी झाली. घण घेऊन माणसं आली, तेव्हा बाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"झाकायची तर झाका. पाडायची नाही."

कॉलेजच्या साहेबांनी ऐकलं. बाईंनी मला स्वच्छ झाडलं, विटांवरून हात फिरवला आणि प्लायवुडाला खिळे ठोकले गेले. नंतर त्या निवृत्त झाल्या.

त्यांनी मला वाचवलं की कोंडलं, ते मला अजून कळत नाही. तुम्ही कीबोर्ड बडवता, हसता, तेही हुन्नरच आहे. माझा राग नाही. पण इथे ओल धरलीय, माथ्यावरच्या विटा सुटू लागल्यात. मित्रांनो, जपून ठेवलेली वस्तूसुद्धा मधूनमधून उघडून बघावी लागते. पेटवू नका हवं तर. एकदा फळा काढा, आणि थोडा वारा आत येऊ द्या.