पेलवान आणि एक जादा मात्रा

थोरली बहीण गोष्टी लिहायची, धाकटी चित्रं काढायची, आणि दोघींनी मिळून आपल्या कॉमिकसाठी एक सुपरहिरो जन्माला घातली होती. तिचं नाव पेलवान. ती उडत नसे, डोळ्यांतून आगही ओकत नसे. जे कुणालाच पेलत नाही ते ती पेलायची. खचलेला पूल, घसरलेली बस, एकदा तर पेशंटसकट अख्खं इस्पितळ. आडवा बांधा, घट्ट अंबाडा, कमरेला रुंद पट्टा.

हे सगळं मावशीवरून उचललेलं होतं. मावशीचा धंदा घरसामान हलवण्याचा. पाठीवर फ्रिज घेऊन जिना उतरताना ती वर आणखी गप्पाही मारायची. कॉमिकबद्दल मात्र तिला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"नाक जरा लहान कर," थोरली घाबरून म्हणाली होती.

धाकटीने करून पाहिलं, पण मग ती पेलवान दिसेचना. नाक होतं तसं राहिलं.

पहिला अंक छापून झाल्याचा निरोप आला. गठ्ठे आणायला टेम्पो हवा, आणि टेम्पो मावशीचाच. दोघी तिच्याशेजारी मुकाट्याने बसून छापखान्यात पोचल्या.

छापखान्याच्या काकांनी कौतुकाने वरचा अंक पुढे केला. "कागद बघा, रंग बघा. आणि हो, मुखपृष्ठावर तुमची एक चूक राहिली होती. पेलवान लिहिलं होतंत. मी पैलवान करून टाकलं."

थोरलीने शीर्षकावर बोट ठेवलं. "काका, ती चूक नव्हती. पेलते ती पेलवान."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "मला वाटलं, घाईत मात्रा खाल्लीत."

"सगळ्या अंकांवर?"

"एकूण एक. आणि उद्या सकाळी पुस्तकाच्या दुकानात द्यायचे ना?"

तेवढ्यात कोपऱ्यातून हसण्याची खसखस ऐकू आली. मावशी गठ्ठ्याला टेकून अंक वाचत होती. चित्रात पेलवानने दोन्ही हातांनी इस्पितळ धरलं होतं आणि ती खालच्या गर्दीला म्हणत होती, 'अरे, पाठ खाजवा रे कुणीतरी.'

"हे मी म्हणते," मावशी म्हणाली. मग तिने मुखपृष्ठ निरखलं. "नाकही माझंच."

"हो, मावशी," धाकटी पुटपुटली.

"पोटसुद्धा."

"हो."

"मेल्यांनो, मग आधी सांगायचं नाही? मी चार लोकांत मिरवले असते." ती पोट धरून हसली. मग थोरलीचा चेहरा पाहून तिने सगळं विचारून घेतलं. "एका मात्रेचं एवढं काय ओझं? उचलून टाका की."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. मग खिशातून पेन काढून तिने एका अंकावर इवलीशी पेलवान काढली: शीर्षकावर चढलेली, जादा मात्रा खांद्यावर टाकून निघालेली. छापलेल्या जादा मात्रेवर काकांनी पार्श्वभूमीचाच पिवळा रंग फासला. पेलवानचं नाव परत पेलवान झालं.

मोठं टेबल रिकामं केलं. काका रंग लावत, थोरली पुठ्ठ्याने वारा घालून तो वाळवी, मावशी गठ्ठे आणून देई. तेच तेच काढून धाकटी कंटाळली, तेव्हा मात्रेची छत्री झाली, वल्हं झालं, दात कोरायची काडी झाली. तिचं बोट दुखायला लागलं तेव्हा मावशीने पेन घेतलं. तिची पेलवान अंबाडा बांधलेल्या बटाट्यासारखी आली. काका हसता हसता रंगाच्या डब्यावर कलंडले.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं आली, ती अंक उघडायच्या आधी मुखपृष्ठंच चाळत बसली. प्रत्येकाला वेगळी मात्रा हवी. बटाटे सगळ्यांत आधी खपले. हे कळताच मावशी दारात उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली, "यातली ही बाई म्हणजे मी."

दोघी बहिणी बाहेरच्या पायरीवर जाऊन बसल्या. अंक वाचत वाचत चाललेली एक बाई दिव्याच्या खांबावर आदळली, खांबाला "सॉरी हं" म्हणाली आणि मान वर न करता पुढे गेली. धाकटीने थोरलीचा हात गच्च धरला.

"पाहिलंस?"

"पाहिलं," थोरली म्हणाली. बाई कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसावी म्हणून ती पायरीवर उभी राहिली.