बंदुकीपुरता उजेड

मित्रांनो, दुर्बीण म्हटलं की तुम्हाला तारे बघणारी नाहीतर जहाजावरची दुर्बीण आठवत असेल. मी त्यांतली नाही. मी बंदुकीच्या पाठीवर बसणारी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझा सगळा जन्म तिन्हीसांजेला गेला. भर दुपारी माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. दिवस कलला, जंगलाच्या कडेला काळोख साचू लागला, की मग माझी आठवण व्हायची. आता माझ्या नळीचा काळा रंग उडाला आहे, काचेवर चरे आहेत आणि खरं सांगायचं तर मी थकले आहे.

माझी काच एका बाईने घासली. ती दिवसभर एकच काच घासायची, उजेडाकडे धरायची, नापसंतीने मान हलवायची आणि पुन्हा घासायला घ्यायची. शेवटी तिने माझ्यावर जांभळट लेप चढवला. उजेड काचेवरून परत फिरू नये, आत यावा, यासाठी तो लेप असतो. उजेडाचा कण वाया घालवायचा नाही, हा संस्कार माझ्यावर तेव्हापासूनचा.

तिथून मी जर्मनीतल्या सोलिंगच्या जंगलापाशी हेडाच्या दुर्बिणींच्या दुकानात आले. हेडा जिभेची तिखट आणि धंद्यात विचित्र. ती उजेडात दुर्बीण विकतच नसे. "दिवसा सगळ्याच दुर्बिणी गुणी असतात," असं म्हणून गिऱ्हाइकाला संध्याकाळी बोलवायची. दुकानाच्या मागच्या दारात उभं करायची आणि समोरच्या उंच स्प्रूस वृक्षांच्या गर्द झाडीत ठोकलेला एक फलक वाचायला लावायची. दुर्बिणीमागून दुर्बीण हातात द्यायची. अंधार वाढत जाताना ज्या दुर्बिणीतून तो फलक सगळ्यात शेवटपर्यंत वाचता येईल, ती घ्यायची.

गेर्विन तेव्हा तरुण होता, सुतारकाम करायचा, आणि त्याला चोवीसपट मोठं दाखवणारी एक लांबलचक दुर्बीण हवी होती.

"अरे, चंद्रावरची डुकरं मारायची आहेत का तुला?" हेडा म्हणाली. ती आणि गेर्विन एका शाळेत शिकलेले. "अंधारात जितकं मोठं करशील तितकं काळं दिसेल. ही घे. आठच पट, पण तोंड बघ हिचं केवढं आहे!"

गेर्विनने मला डोळ्याला लावलं. बाकीच्या दुर्बिणी एकेक करून आंधळ्या झाल्या होत्या. माझ्यातून त्याने फलक मोठ्याने वाचला, "एवढं वाचता येत नसेल तर घरी जा." तो खो खो हसला आणि मला घेऊन गेला.

त्यानंतरची माझी वर्षं मचाणावर गेली. ओटच्या शेताकडे तोंड केलेलं मचाण, थर्मासात कॉफी, फडक्यात राय धान्याचा काळा पाव आणि सुकं सॉसेज. रानडुकरं शेताची नासधूस करतात, म्हणून त्यांची शिकार करावी लागते, आणि ती बाहेर पडतात नेमकी अंधार पडताना. तिथल्या शिकाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो, बंदुकीपुरता उजेड. म्हणजे नेम धरलेलं जनावर कोणतं आहे हे स्वच्छ कळेल एवढा उजेड. तो संपला की गोळी काढायची आणि खाली उतरायचं. भले समोर दहा डुकरं नाचत असोत.

हा नियम उगाच केलेला नाही. कळप बाहेर पडताना सगळ्यात पुढे सगळ्यात मोठं जनावर येतं आणि नवखा माणूस त्याला नर समजतो. खरं तर ती बहुधा आई असते. पिल्लं मागे उंच पिकात असतात, दिसत नाहीत. एकदा ओटमार नावाच्या शेजाऱ्याने अशीच एक आई मारली. पुढे कितीतरी दिवस पिल्लं शेताच्या बांधावर किंचाळत फिरत होती आणि ते गावभर ऐकू येत होतं. तिथे शिकार झाली की सोबती झाडाची डहाळी मोडून, टोपीवर ठेवून शिकाऱ्याला मानाने देतो. ओटमारला त्या दिवशी कुणी डहाळी दिली नाही. सगळ्यांत लागेल असं गेर्विन बोलला होता. "डोळे काय खिशात ठेवून बसला होतास?" ओटमारने त्यानंतर बंदूक हातात धरली नाही.

गेर्विनच्या हातून असं कधी झालं नाही. खानावळीत तो माझं कौतुक करायचा. "माझी दुर्बीण मांजराला लाजवेल," म्हणायचा. मला ते ऐकून बरं वाटायचं. का नाही वाटणार?

पण मित्रांनो, माणसाच्या डोळ्यात एक काळी बाहुली असते. अंधारात ती दारासारखी उघडते आणि उजेड आत घेते. तरुणपणी ते दार सताड उघडतं. वय झालं की ते अर्धवटच उघडतं, जोर लावूनही उघडत नाही. गेर्विनचं तसं झालं. मी पूर्वीइतकाच उजेड आणून त्याच्या दाराशी उभी राहायचे आणि निम्मा उजेड बाहेरच राहायचा.

त्याने दोष मला दिला. "हिच्या काचा गेल्या," म्हणाला. तोंडाची वाफ देऊन बाहीने मला खसाखसा पुसायचा. बाहीत लाकडाचा भुसा असायचा. माझ्यावरचे चरे त्या दिवसांतले आहेत. ज्याच्यासाठी जन्मभर डोळे फोडले त्याने असं पुसावं, याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी तो नवी दुर्बीण घ्यायला हेडाकडे गेला. सोबत त्याची मुलगी इम्के होती. ती शाळेची बस चालवते आणि बापाकडूनच शिकार शिकली आहे. हेडाही आता म्हातारी झाली होती, पण पद्धत तीच. संध्याकाळ, मागचं दार, झाडीतला फलक. गेर्विनने महागडी दुर्बीण डोळ्याला लावली. तिच्यात नेम धरायला लाल ठिपका पेटतो. ठिपका बघून तो पोरासारखा खूश झाला.

"आणि फलक?" हेडाने विचारलं.

"स्वच्छ! एवढं वाचता येत नसेल तर घरी जा."

मी इम्केच्या हातात होते आणि तिने माझ्यातून फलक वाचला होता. तिने मला पुन्हा डोळ्याला लावलं आणि तो पुन्हा वाचला. गेर्विन पैसे द्यायला आत गेला तेव्हा हेडा हळूच म्हणाली, "तू सांगतेस की मी सांगू?"

"मी सांगते, मावशी."

पण तिच्याने सांगवेना. सुतारकाम सुटलं होतं, बायको गेली होती, त्या माणसाकडे मचाणाखेरीज उरलं काय होतं? आज सांगू, उद्या सांगू करत वसंत गेला. गेर्विनच्या बंदुकीवर नवी दुर्बीण बसली आणि मी इम्केच्या बंदुकीवर आले.

मग जुलैतली ती संध्याकाळ. दोघं मचाणावर. ओट कमरेइतके वाढलेले, पुढे कापलेल्या गवताची पट्टी. उजेड जवळजवळ सरला होता. पिकातून एक भलं मोठं काळं धूड पट्टीवर आलं आणि थांबलं.

गेर्विनने बंदूक उचलली. "नर आहे. एकटा," तो कुजबुजला.

"बाबा, मागे ओट हलताहेत."

"वारा आहे."

"वारा कुठला! झाडाचं पानही हलत नाहीये."

"दात दिसताहेत मला त्याचे. गप्प बस."

इम्केने मला डोळ्याला लावलं. मित्रांनो, मी दमलेली होते, चरे पडलेली होते, पण मी होता नव्हता तेवढा उजेड गोळा केला आणि तिच्या सताड उघड्या डोळ्यात ओतला. दात नव्हते. पोटाशी लोंबणारे आचळ होते आणि ओटच्या कडेला इवलीइवली डोकी.

भरलेल्या बंदुकीला, अन् त्यातही दुसऱ्याच्या, हात लावायचा नाही, हे तिला बापानेच शिकवलं होतं. त्याचं बोट चापावर गेलं. त्याला ठिपका दिसत होता आणि ठिपक्यामागे जे हवं होतं ते.

"बाबा," ती म्हणाली, "हेडामावशीच्या फलकावर काय लिहिलं होतं?"

"आत्ता? घरी जा म्हणून लिहिलंय, तुला माहीत नाही का?"

"तो फलक मावशीने कधीच बदलला. आता तिथे 'इथे गाडी लावू नये' असं लिहिलंय."

मग चापावरचं बोट सुटलं. गेर्विनने गोळी काढून खिशात टाकली. ती टाकताना त्याला खिसा पटकन सापडेना. खाली पिल्लं आईच्या मागे एकेक करून पट्टी ओलांडत होती. इम्के ती मोजत होती, तो फक्त ऐकत होता.

"दे बघू ती," तो म्हणाला. इम्केने आपली बंदूक रिकामी करून त्याच्या हाती दिली. त्याने मला डोळ्याला लावलं. त्याला माझ्यातूनही काळोखच दिसला. त्याने अंगठ्याने माझ्या काचेची कड चाचपली. चरे त्याच्या बोटाला लागले असतील.

"हिला उगाच बोललो," तो म्हणाला. "आणि ओटमारलाही."

मित्रांनो, दुर्बीण पुसायची तर मऊ फडक्याने पुसा, बाहीने नको. आणि रोजची वस्तू एकाएकी अंधुक वाटू लागली तर तिला अडगळीत टाकण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांचीही चौकशी करा. वस्तूंना बोलता येत नाही, आणि जवळच्या माणसांना बोलणं जड जातं. थकलेल्या जिवाचं एवढंच मागणं.

ते दोघं मचाणावरून उतरले. बांधावर गेर्विन थांबला, चाचपडत ओकची डहाळी मोडली, आपल्या टोपीवर ठेवली आणि टोपी इम्केपुढे धरली.

"काही मारलंच नाही की आपण," इम्के म्हणाली. "ही कशाबद्दल?"

"त्याबद्दलच," गेर्विन म्हणाला. "घे. आणि माझा हात धर, पुढचं मला दिसत नाही."